कोलकात्याचा पैसा, बर्लिनची पदवी, पुण्याची संस्था

सातारा जिल्ह्यात सह्याद्रीवरून उतरून कृष्णेला मिळणाऱ्या नद्यांच्या डोहांत १९११ च्या सुमारास एक विलक्षण प्राणी सापडला. तो गोड्या पाण्यातला जेलीफिश होता. त्याच्या वंशातले जीव तोवर फक्त आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरासारख्या पाण्यांतून ठाऊक होते. समुद्रापासून इतक्या दूर, घाटमाथ्याच्या पायथ्याशी तो कसा, हा प्रश्न कोलकात्याच्या इंडियन म्युझियमपर्यंत गेला. तिथले प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी त्याला ‘लिम्नोक्निडा इंडिका’ हे नाव दिले. हा प्राणी शोधणारे गृहस्थ मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत होते. वय पंचविशी ओलांडलेले, जन्म मालवणचा, साल १८८४. नाव शंकर पुरुषोत्तम आघारकर.

पुढे तीनच वर्षांत आघारकर जर्मनीला निघाले. खर्च त्यांचा नव्हता, घरच्यांचाही नव्हता. सावकाराचे कर्ज नव्हते आणि कोणा संस्थानिकाची मर्जीही राखायची नव्हती. कोलकाता विद्यापीठाने आपल्या निधीतून त्यांना पाठवले होते. निसर्गाचा अभ्यास करायला पूर्ण खर्चाची शिष्यवृत्ती घेऊन परदेशी जाणे ही आज दर वर्षी घडणारी गोष्ट आहे. शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाला ती संधी कशी मिळाली आणि तिचे पुढे काय झाले, हे पाहण्याजोगे आहे. ते समजण्यासाठी आणखी तीस वर्षे मागे जावे लागते.

१८८० च्या दशकात बंगाल सरकारने शेतीशास्त्र शिकण्यासाठी निवडक तरुणांना इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर येथील शेतकी महाविद्यालयात पाठवायला सुरुवात केली. सरकारचा हेतू चांगला होता. दुष्काळांनी देश हैराण होता, जमिनीचा कस, पाणी आणि पिके यांचे शास्त्र जाणणारी माणसे हवी होती. पुढे नाटककार म्हणून गाजलेले द्विजेंद्रलाल राय १८८४ मध्ये याच शिष्यवृत्तीवर गेले. शिक्षण पुरे करून ते परत आले आणि सरकारने त्यांना डेप्युटी मॅजिस्ट्रेट केले. त्यांच्यासारखे आणखीही काही जण शेतीशास्त्र शिकून महसुलाच्या आणि न्यायाच्या खुर्च्यांवर जाऊन बसले. कारण साधे होते. त्यांना पाठवायची योजना सरकारकडे होती, पण परत आल्यावर त्यांनी काम करावे अशी प्रयोगशाळा नव्हती, प्रयोगाची शेते नव्हती आणि शिकवायला विभागही नव्हता.

याला एक तेजस्वी अपवाद होता. सायरेन्सेस्टरहून परतलेल्या गिरीशचंद्र बोस यांनी सरकारी नोकरीची वाट न धरता कोलकात्यात बंगवासी शाळा काढली. थोड्याच वर्षांत तिचे महाविद्यालय झाले. शिष्यवृत्तीचा खरा लाभ कुठे झाला, असे विचारले तर या शाळेकडेच बोट दाखवावे लागेल.

बडोद्याची कथा मराठी वाचकाला जवळची आहे. सयाजीराव गायकवाडांनी गुणी तरुण हेरून परदेशी पाठवण्याचा जो सपाटा लावला, त्याला त्या काळात तोड नव्हती. त्यांनी खासेराव जाधवांना शेतीशास्त्र शिकायला इंग्लंडला धाडले. पण खासेरावांची कारकीर्दही पुढे मुख्यतः संस्थानच्या प्रशासनातच गेली. बडोद्याच्या नोकरीत असताना अरविंद घोष ज्यांच्या घरी राहत, ते खासेराव हेच. माणूस कर्तबगार, राजा दूरदृष्टीचा, तरी शेतीचे शिक्षण कारभाराच्या फायलींखाली दबले. सयाजीरावांना दोष देण्याचे कारण नाही. त्या काळी शिकलेली माणसेच इतकी थोडी होती, की मिळेल त्याला कारभारात ओढावे लागे.

बडोद्याच्या शिष्यवृत्तीला करारही असे. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते दरमहा साडेअकरा पौंडांच्या बडोदा शिष्यवृत्तीवर, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचे लिहून देऊन. परतल्यावर १९१७ मध्ये ते बडोद्याला रुजू झाले. कचेरीत त्यांना अस्पृश्य म्हणून वागवले गेले आणि गावात राहायला जागा मिळाली नाही. थोड्याच दिवसांत त्यांना नोकरी सोडावी लागली. शिष्यवृत्तीने अमेरिकेतल्या विद्यापीठाचे दार उघडले, पण बडोद्यातल्या घरांची दारे बंदच राहिली. हे नुसते करारभंगाचे प्रकरण नव्हते. शिकवून आणलेल्या माणसाला सामावून घेण्याची समाजाचीच तयारी नव्हती.

मुंबईत जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी उभा केला. पहिली मदत मिळाली ती डॉ. फ्रेनी कामा या महिलेला. ही मदत कर्जरूपाने होती, कमावू लागल्यावर फेडायची. त्यामुळे निधी आटला नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिला. कोल्हापूरचे जयंत नारळीकर १९५७ मध्ये केंब्रिजला गेले तेही टाटा शिष्यवृत्तीवरच. पण फेडीचे ओझे असलेला तरुण विषय निवडताना हिशेब करतो. डॉक्टर, इंजिनियर, बॅरिस्टर झाले तर कर्ज फिटते. वाळवंटातल्या झुडपांची बी कशी पसरते, याचा अभ्यास करून ते कसे फिटणार? आघारकरांचा विषय नेमका हाच होता. म्हणूनच पूर्ण खर्च देणारी आणि परतफेड न मागणारी शिष्यवृत्ती अशा विषयांसाठी जीवनमरणाची गोष्ट ठरते.

ती त्यांना मिळाली ती एका वकिलाच्या दानातून. कोलकात्याचे नामांकित वकील रासबिहारी घोष यांनी १९१३ मध्ये विद्यापीठाला दहा लाख रुपये दिले. कुलगुरू होते आशुतोष मुखर्जी. या पैशातून उपयोजित गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र अशी चार प्राध्यापकपदे निर्माण झाली. या पदांवर भारतीयच नेमायचे, अशी दात्याची अट होती. सरकारी महाविद्यालयांत वरच्या जागा गोऱ्यांसाठी राखीव असण्याच्या काळात ही अट किती मोलाची होती, हे आज चटकन उमगत नाही. आणि इथेच मुखर्जींचे शहाणपण दिसते. त्यांनी आधी पद निर्माण केले, त्यावर माणूस नेमला आणि मग त्याला परदेशी शिकायला पाठवले. परत आल्यावर काय करायचे, हा प्रश्नच उरला नाही. सायरेन्सेस्टरच्या योजनेत नेमकी हीच कडी राहून गेली होती.

वनस्पतिशास्त्राच्या पदावर आघारकरांची नेमणूक झाली. एका बंगाली विद्यापीठाने बंगाली दात्याच्या पैशांतून मालवणच्या माणसाला निवडले, हेही नोंदवण्यासारखे आहे. ते बर्लिनला गेले, कारण वनस्पतिभूगोलातली त्या काळची सर्वांत मोठी व्यक्ती अ‍ॅडॉल्फ एंग्लर तिथे होती. दालेम या उपनगरात नुकतीच नव्याने वसवलेली विशाल वनस्पतिबाग आणि वाळवलेल्या वनस्पतींचा प्रचंड संग्रह एंग्लरांच्या देखरेखीखाली होता. कोणती वनस्पती कुठे वाढते, तिथेच का वाढते, ती तिथवर पोचली कशी, पाऊस, माती, वारा आणि प्राणी यांचा त्यात वाटा किती, हे प्रश्न तिथे पद्धतशीर विचारले जात. पर्यावरणशास्त्र नावाचा विषय विद्यापीठांत येण्याआधी त्याची पायाभरणी अशा ठिकाणी होत होती. गोड्या पाण्यातला जेलीफिश आफ्रिकेत आणि सह्याद्रीत कसा, या कोड्याने पछाडलेल्या माणसाला याहून योग्य गुरू मिळाला नसता.

पण १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन असल्याने आघारकर जर्मनीत शत्रूपक्षाचे ठरले आणि त्यांना काही काळ स्थानबद्ध व्हावे लागले. घोष निधीतूनच भौतिकशास्त्रासाठी आलेले देवेंद्रमोहन बोस हेही बर्लिनमध्येच अडकले होते. दोघांनाही युद्ध संपेपर्यंत परतता आले नाही. अन्नाची टंचाई, घरापासून तुटलेला संपर्क, आपला देश ज्याच्या बाजूने लढतो आहे त्या साम्राज्याविषयी मनात असलेली अढी आणि भोवती त्या साम्राज्याचे शत्रू, अशा स्थितीत शोधनिबंध लिहायचा होता. तो त्यांनी लिहिला. वायव्य भारतातल्या कोरड्या, निमकोरड्या आणि खाऱ्या जमिनीत तगून राहणाऱ्या वनस्पती कशा पसरतात आणि मुळात कुठून आल्या, हा त्यांचा विषय होता. १९१९ मध्ये बर्लिन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. राजस्थान आणि सिंधच्या वाळूतली झुडपे या निबंधात अरबस्तान आणि आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्याशी ताडून पाहिली होती. राजकीय नकाशांत गुंतलेल्या युद्धकाळात हा माणूस वनस्पतींचा नकाशा काढत होता.

परतल्यावर पंचवीसेक वर्षे त्यांनी कोलकात्यात वनस्पतिशास्त्राचा पदव्युत्तर विभाग सांभाळला, विद्यार्थी घडवले, हिमालयात आणि नेपाळात हिंडून वनस्पती गोळा केल्या. ही वर्षे फारशी नाट्यमय नाहीत. विभाग उभा करण्याचे काम असेच असते. वर्ग घ्यायचे, नमुने वाळवायचे, चिठ्ठ्या लिहायच्या, पैशांसाठी अर्ज करायचे.

१९४६ मध्ये निवृत्त होऊन ते पुण्याला आले, आणि विसाव्याच्या वयात त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम सुरू झाले. कोलकात्यात महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेली विज्ञानसंस्था त्यांनी जवळून पाहिली होती. तशी एक संस्था महाराष्ट्रात हवी, या ध्यासातून त्यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन केली. सुरुवातीला स्वतःची इमारतही नव्हती. लॉ कॉलेजच्या आवारात काम चाले. १९६० मध्ये निधन होईपर्यंत आघारकर तिचे संचालक होते. १९९२ पासून संस्थेला त्यांचे नाव आहे, आघारकर संशोधन संस्था. इथल्या वनस्पतिसंग्रहात सह्याद्रीच्या वनस्पतींचे नमुने आहेत. इथे तयार झालेले गव्हाचे आणि सोयाबीनचे ‘एमएसीएस’ नावाचे वाण शेतकरी पेरतात. घोषबाबूंच्या दहा लाखांतला एक छोटासा वाटा असा फिरत फिरत महाराष्ट्राच्या शेतात येऊन पोचला आहे.

या कथेला एक सुंदर पुढची कडी आहे. १९४२ मध्ये पुण्यात जन्मलेले माधव गाडगीळ फर्ग्युसन महाविद्यालयातून आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेतून शिकून १९६५ मध्ये हार्वर्डला गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत विज्ञानावर सरकारी पैसा ओतला जाऊ लागला होता, आणि तिथल्या मोठ्या विद्यापीठांत डॉक्टरेट करणाऱ्याची फी माफ करून वर निर्वाहभत्ता देण्याची पद्धत रुळली होती. राजाश्रय, दाता आणि करार या तिन्हींवाचून परदेशी शिकण्याची वाट मध्यमवर्गीय मुलामुलींसाठी या पद्धतीने मोकळी केली. गाडगीळांनी गणिताच्या आधारे परिसंस्थाशास्त्राचा अभ्यास केला आणि १९६९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पत्नी सुलोचना यांनीही हार्वर्डलाच डॉक्टरेट केली. पुढे मोसमी पावसाच्या अभ्यासात त्यांचे नाव जगभर झाले.

१९७१ मध्ये दोघे परतले. माधवराव कुठे रुजू झाले? आघारकरांनी उभारलेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत. सुलोचनाबाई पुण्यातल्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत गेल्या. दोन वर्षांनी ही जोडी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेली खरी, पण पुण्यातल्या त्या दोन वर्षांत फार महत्त्वाचे काही घडले. विज्ञानवर्धिनीत वा. द. वर्तक हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. सह्याद्रीतली गावे आणि तिथली झाडे त्यांना तोंडपाठ होती. गाडगीळ आणि वर्तक यांनी मिळून देवरायांचा अभ्यास सुरू केला. देवाच्या नावाने राखलेले, कुऱ्हाड न लागलेले रानाचे तुकडे म्हणजे निसर्गरक्षणाची लोकांनी चालवलेली व्यवस्था आहे, हे त्यांनी शास्त्राच्या भाषेत मांडले. १९७५ आणि १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निबंध आजही या विषयाचा आरंभबिंदू मानले जातात. हार्वर्डचे गणित आणि वर्तकांची पायपीट एकत्र आली ती एका खोलीत. ती खोली बर्लिनहून परतलेल्या माणसाने आधीच बांधून ठेवली होती. २०१० मध्ये केंद्र सरकारने पश्चिम घाटासाठी तज्ज्ञ समिती नेमली तेव्हा तिचे अध्यक्षपद गाडगीळांकडे आले, त्याचीही मुळे इथवर जातात.

आतापर्यंत सांगितलेली बहुतेक नावे पुरुषांची आणि उच्चवर्णीयांची आहेत, हे वाचकाच्या लक्षात आले असेलच. जाणीवपूर्वक दार उघडले गेले तेव्हाच वेगळी नावे दिसू लागली. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात लेव्ही बार्बर यांनी आशियातल्या स्त्रियांसाठी शिष्यवृत्ती ठेवली नसती, तर केरळच्या तलश्शेरीतल्या जानकी अम्माळ १९२० च्या दशकात तिथे पोचल्या नसत्या. उसाच्या संकरावरचे त्यांचे काम शेतीला उपयोगी पडले आणि उतारवयात सायलेंट व्हॅलीचे जंगल वाचवायला त्या उभ्या राहिल्या. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांना तर कुठलेच दार उघडे नव्हते. क्रांतिकार्यात असताना ते अमेरिकेत मिळेल ते काम करून शेतीशास्त्र शिकले. भारतात परतणे शक्य नसल्याने मेक्सिकोत प्राध्यापक झाले, मक्यावर संशोधन केले. तिथल्या दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. ही ज्ञानाची कमाई मेक्सिकोला मिळाली.

दलितांसाठी हे दार उघडावे म्हणून झगडले ते बडोद्यातून परत फिरावे लागलेले डॉ. आंबेडकरच. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात आल्यावर त्यांनी सरकारला निवेदन दिले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकण्यासाठी देशात तसेच परदेशात शिष्यवृत्त्या द्या, ही त्यातली ठळक मागणी होती. कायदा शिकलेल्या आणि अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या या माणसाने मागितले ते विज्ञान. याच काळात ते मजूरमंत्री म्हणून दामोदर खोऱ्याच्या आणि देशाच्या जलनीतीच्या कामात गुंतले होते. धरणे, नद्या आणि वीज यांचे निर्णय कोण घेणार, हे शिक्षणावरून ठरणार, याची त्यांना पुरती जाण होती. स्वातंत्र्यानंतर १९५४–५५ पासून केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती सुरू झाली. महाराष्ट्राने २००३ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी परदेश शिष्यवृत्ती सुरू केली. शाहू महाराजांनी १९२० मध्ये आंबेडकरांना लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करायला मदत केली होती. त्यामुळे हे नाव योग्यच आहे.

आज पर्यावरणशास्त्र शिकू पाहणाऱ्या तरुणापुढे पर्याय बरेच आहेत. १९५० च्या करारातून आलेली फुलब्राइट, १९६० पासूनची राष्ट्रकुल शिष्यवृत्ती, १९८३ पासूनची चेव्हनिंग, जर्मनीची डाड. युरोपीय संघाची इरॅस्मुस मुंडुस २००४ पासून आहे. तिच्यात फी भरली जाते, दरमहा १,४०० युरो मिळतात आणि दोन वर्षांत दोन-तीन देशांतल्या विद्यापीठांत शिकता येते. पर्यावरण धोरण, पाणी, किनारे आणि हवामान अशा विषयांचे कितीतरी अभ्यासक्रम तिच्यात आहेत. १९७२ च्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेनंतर हा विषय विद्यापीठांत रुजला, त्याचे हे फळ. आघारकरांना वनस्पतिभूगोलाच्या आडून जे शिकावे लागले, ते आता उघडपणे त्याच नावाने शिकता येते.

पण इतिहासाने दाखवलेल्या दोन उणिवा अजून तशाच आहेत. पहिली परतीची. परदेशातून नद्यांचे, किनाऱ्यांचे, जंगलांचे शास्त्र शिकून आलेल्यासाठी महाराष्ट्रात किती जागा आहेत? विद्यापीठांतली प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवायची आणि मग बुद्धी परदेशी गेली म्हणून हळहळायचे, यात काही अर्थ नाही. सायरेन्सेस्टरला पाठवलेल्यांना निदान मॅजिस्ट्रेटची खुर्ची तरी मिळाली होती.

दुसरी उणीव विषयाच्या कुंपणाची. २०२२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीचे नियम बदलले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे समाजशास्त्रीय अभ्यास तिच्यातून वगळले. पर्यावरणाचा विद्यार्थी यातून सुटतो, असे वरवर वाटेल. पण देवराई हा विषय कशात मोडतो? तिथे झाड आहे तसा देव आहे, जैवविविधता आहे तशी गावकी आहे. वारली, कातकरी, माडिया माणसाचे जंगलाशी असलेले नाते संस्कृतीतून वेगळे काढून कोणी अभ्यासू शकणार नाही. ज्या मुलामुलींना हे नाते घरातूनच माहीत आहे, त्यांनाच त्याविषयी संशोधन करायला पैसे न देणे हा मोठा अन्याय आहे. हा नियम रद्द झाला पाहिजे.

राज्यापुरते बोलायचे तर दोन गोष्टी लगेच करण्यासारख्या आहेत. शिष्यवृत्तीची निवडयादी परदेशी विद्यापीठांची सत्रे सुरू होण्याच्या बऱ्याच आधी लागावी आणि भत्ता विद्यार्थ्याच्या हाती वेळेवर पडावा. गरीब घरातल्या मुलीला व्हिसासाठी बँकेत दाखवायला उसने पैसे मिळत नाहीत. आणि मुखर्जींनी १९१४ मध्ये केले तसे करावे. कोकणच्या, विदर्भाच्या, मराठवाड्याच्या विद्यापीठांनी पाणी, जंगल, किनारा आणि हवामान या विषयांच्या जागा आधी मंजूर करून घ्याव्यात, त्यावर तरुण नेमावेत आणि मग त्यांना पूर्ण पगारावर, पूर्ण खर्चाने जगातल्या उत्तम गुरूकडे पाठवावे. एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही. पैसेवाल्या मराठी माणसांनीही मंदिराच्या कळसाबरोबर एखाद्या अशा पदाचा विचार करावा. रासबिहारी घोष वकील होते, वनस्पतिशास्त्राशी त्यांचा काही संबंध नव्हता. तरीही त्यांनी पैसे दिले.